यवतमाळ जिल्ह्याच्या बोलीतील ‘जीन’ : एका उसन्या शब्दाचा अर्थविचार

१. प्रास्ताविक

मराठीतील परकीय शब्दांचा विचार आजवर मुख्यतः शुद्धीच्या अंगाने झालेला आहे. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’पासून सावरकर आणि माधव ज्यूलियन यांच्या भाषाशुद्धिविषयक लेखनापर्यंत या विचाराची एक सलग परंपरा दिसते. परका शब्द ठेवावा की टाकावा, हा तिच्यातील मध्यवर्ती प्रश्न होय. परंतु बोलणाऱ्या समाजाने कोणाचाही सल्ला न घेता एखादा शब्द ठेवूनच घेतला, तर तो का ठेवला, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने कमी झाली आहे. कोर्ट, स्टेशन, तिकीट अशा शब्दांबाबत उत्तर सोपे असते. वस्तू इंग्रजांबरोबर आली, शब्दही तिच्याबरोबर आला आणि मूळ इंग्रजीतही तो आज तितकाच चालू आहे. मात्र मूळ भाषेत जीर्ण झालेला, काही ठरावीक जोडशब्दांपुरता उरलेला शब्द दुसऱ्या भाषेच्या खेड्यापाड्यांत नित्य व्यवहारात असेल, तर ती घटना अधिक बारकाईने पाहावी लागते.

यवतमाळ जिल्ह्यातील ‘जीन’ हा असा शब्द आहे. कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना आणि त्याचे आवार, असा त्याचा अर्थ. ‘माल जिनात टाकला’, ‘बंडी जिनात खाली केली’ अशी वाक्ये वणी, पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव, दारव्हा, दिग्रस, पुसद या सर्व कापूसपट्ट्यात कोणालाही समजतात. प्रस्तुत लेखात या शब्दाचे मूळ, त्याचे मराठी रूप, त्याच्या अर्थाचा विस्तार आणि त्याचे सध्याचे स्थान यांचा क्रमाने विचार केला आहे.

२. इंग्रजीतील घराणे

इंग्रजी ‘जिन’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘इन्जेनियम’ या शब्दात आहे. बुद्धी, अंगची हुशारी, कल्पकता हा त्याचा अर्थ. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘आंजँ’ झाले आणि तेथे बुद्धीबरोबरच बुद्धीने योजलेली युक्ती, साधन, यंत्र असे अर्थ त्यास आले. मध्ययुगीन इंग्रजीने हा शब्द घेतला तेव्हा त्याची दोन रूपे प्रचारात आली. एक पूर्ण रूप, ज्यापासून आजचे ‘एंजिन’ झाले. दुसरे आद्य स्वर गळालेले आखूड रूप, ते ‘जिन’. चौदाव्या शतकातील चॉसरच्या काव्यात एका अद्भुत यांत्रिक घोड्याच्या संदर्भात हे आखूड रूप आढळते. पुढे त्याचा एक अर्थ पशुपक्षी धरण्याचा सापळा असा रूढ झाला. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये आणि १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये हाच अर्थ आहे. खाणीतून कोळसा वर खेचण्यासाठी घोडा जुंपून फिरवण्याचे जे यंत्र असे, त्यालाही ‘जिन’ म्हणत.

आजच्या इंग्रजीत हे सर्व अर्थ जुने झाले आहेत. घोड्याची यंत्रे गेली. दातेरी जबड्याच्या सापळ्यांवर इंग्लंडमध्ये १९५८ पासून बंदी आली. हा शब्द स्वतंत्रपणे उच्चारला तर सामान्य इंग्रजी भाषिकाला मद्याचा एक प्रकार आठवतो. त्या शब्दाचे मूळ मात्र जुनिपर या झाडाच्या नावात आहे आणि त्याचा यंत्राशी संबंध नाही. यंत्राचा अर्थ प्रामुख्याने कापसाच्या आश्रयाने जगला. अमेरिकेत एली व्हिटनी याने १७९३ मध्ये करवती दात्यांचे सरकी काढण्याचे यंत्र तयार केले, १७९४ मध्ये त्याचे एकस्व घेतले आणि त्या यंत्राला हे जुनेच नाव चिकटले. १८४० मध्ये मॅकार्थी याने रुळांचे यंत्र आणले. भारतात मुख्यतः याच प्रकारच्या, विशेषतः दुहेरी रुळांच्या यंत्रांचा प्रसार झाला.

३. वऱ्हाडातील आगमन

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे महत्त्व एकाएकी वाढले. याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. रेल्वेने माल न्यायचा तर तो आटोपशीर हवा. सरकीसह कापूस वाहून नेणे म्हणजे दोन भाग बी आणि एक भाग रुई वाहणे. म्हणून सरकी काढणारी आणि गाठी दाबणारी वाफेची यंत्रे कापसाच्या प्रदेशातच उभी राहू लागली.

आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी ‘वून’ म्हणजे वणी या नावाने ओळखला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभीच यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी धावू लागली. पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकप्रिय झालेल्या या मार्गाच्या उभारणीमागे या भागातील कापूस मुख्य लोहमार्गावर आणि तेथून मुंबई बंदराकडे नेणे हा प्रमुख हेतू होता.

येथे एक लक्षणीय गोष्ट घडली. एकाच लॅटिन शब्दाची दोन इंग्रजी रूपे या जिल्ह्यात आली. एक गाडीला जोडलेले ‘इंजिन’, दुसरे सरकी काढणारे ‘जीन’. वाफेच्या काळात जिनातली यंत्रे फिरवणारेही ‘इंजिन’च होते. ‘जिनाचं इंजिन’ असे म्हणणाऱ्याने, नकळत, एकच शब्द दोन पिढ्यांच्या अंतराने दोनदा उच्चारलेला असतो. शकुंतलेचे १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले, पुढे गाडीही बंद पडली. जीन हा शब्द मात्र चालू राहिला.

४. रूपविचार

एखादा उसना शब्द भाषेत मुरला की नाही, याची कसोटी त्याच्या वापराच्या वारंवारतेपेक्षा त्याच्या रूपांत शोधावी. मूळ इंग्रजी शब्दातील स्वर ऱ्हस्व आहे. मराठीत तो दीर्घ झाला. अकारान्त शब्दांतील उपान्त्य इकार आणि उकार दीर्घ करण्याची जी मराठीची प्रवृत्ती आहे, तिला अनुसरूनच हे झाले. ‘वकील’, ‘गरीब’ या अरबी मूळ असलेल्या शब्दांतही हा उपान्त्य स्वर दीर्घच आहे. विभक्तिप्रत्यय लागताना हा दीर्घ स्वर पुन्हा ऱ्हस्व होतो : वकील–वकिलाला, गरीब–गरिबाचा, तसेच जीन–जिनात, जिनाचा, जिनातून. म्हणजे या शब्दाला मराठी सामान्यरूप प्राप्त झाले आहे.

याउलट अलीकडे आलेल्या अनेक इंग्रजी शब्दांस सामान्यरूप होत नाही. ‘टीम’चे ‘टिमात’ होत नाही, ‘टीममध्ये’ होते. ‘स्कीम’चे ‘स्किमेला’ क्वचित ऐकू येते, ‘स्कीमला’ सर्रास. अशा शब्दांना भाषा दारात उभे करते, प्रत्यय बाहेरून टेकवते. ‘जीन’ मात्र घरात आलेला आहे. जिना या फारसी मूळ असलेल्या शब्दाशी त्याची गल्लत होण्याचा संभव होता. पण भाषेने ती वाट आधीच वेगळी केली. पायऱ्यांच्या जिन्याचे ‘जिन्यात’ होते, कापसाच्या जिनाचे ‘जिनात’. एका यकाराच्या भेदावर दोन अर्थ सुरक्षित उभे आहेत आणि निरक्षर बोलणाऱ्याकडूनही हा भेद चुकत नाही.

५. अर्थविचार

इंग्रजी शब्द यंत्राचा वाचक. यवतमाळच्या बोलीत तो प्राधान्याने जागेचा वाचक आहे. यंत्रावरून यंत्राच्या घरावर आणि घरावरून साऱ्या आवारावर अर्थ सरकला. लक्षणेचा हा व्यापार मराठीला नवा नाही. ‘घाणा’ आणि ‘गिरणी’ या शब्दांनीही यंत्र व त्याचे ठिकाण असे दोन्ही अर्थ धारण केले आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूसप्रदेशातही ‘जिन’ हा शब्द इमारतीला लावला जातो. तेव्हा केवळ या अर्थविस्तारात यवतमाळचे वेगळेपण शोधण्याचे कारण नाही. वेगळेपण आहे ते या जागेला कापसाच्या शब्दव्यवस्थेत मिळालेल्या स्थानात.

ही व्यवस्था थोडक्यात अशी. झाडावर असते ते ‘बोंड’. ते फुटून वेचले की ‘कापूस’. कापसातून निघते ती ‘रुई’ आणि उरते ती ‘सरकी’. सरकीतून तेल काढल्यावर राहते ती ‘ढेप’. रुई दाबून होते ती ‘गाठ’, जिला पाठ्यपुस्तकी मराठीत ‘गासडी’ म्हणतात. यांपैकी बोंड आणि कापूस हे शब्द शेतातले आहेत. रुई आणि गाठ हे व्यापारातले. शहरी वाचक औषधाच्या दुकानातून आणतो त्या स्वच्छ पांढऱ्या वस्तूला कापूस म्हणतो. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या लेखी कापूस म्हणजे सरकीसह असलेला माल. या दोन ‘कापसां’मधील अंतर ज्या ठिकाणी पार होते, ते ठिकाण म्हणजे जीन.

हे अंतर केवळ वस्तूचे नाही, मोजमापाचे आणि मालकीचेही आहे. शेतकरी कापूस क्विंटलात मोजतो. एका क्विंटलातून साधारणपणे तेहेतीस ते पस्तीस किलो रुई निघते. बाजारात रुईची गाठ १७० किलोची आणि भाव खंडीचा, म्हणजे सुमारे ३५६ किलोचा. अर्थात एका गाठीमागे पाच क्विंटल कापूस लागतो. क्विंटलाची भाषा जिनाच्या फाटकापर्यंत, गाठीची आणि खंडीची भाषा फाटकानंतर. फाटकाशी वजनकाटा असतो. तेथे मालाची प्रत ठरते, ओल पाहिली जाते, भाव ठरतो. बंडी रिकामी झाली की माल शेतकऱ्याचा राहत नाही.

१९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा विकत घेणारा बदलला. व्यापाऱ्याच्या जागी पणन महासंघ आला. २००२ पासून ही मक्तेदारी सैल होऊन खाजगी व्यापाऱ्यांस पुन्हा वाव मिळाला आणि योजना पुढे संपुष्टात आली. भारतीय कापूस निगमाची हमीभावाने खरेदीही होत राहिली. या साऱ्या स्थित्यंतरांत खरेदीचे ठिकाण मात्र बहुधा जिनाचे आवारच राहिले. घेणारा कोणीही असो, शेतकऱ्याचे वाक्य तेच राहिले : ‘कापूस जिनात नेला’. या वाक्यात विकत घेणाऱ्याचे नाव नाही. ते नसणे हाच या शब्दाच्या टिकाऊपणाचा पुरावा होय. संस्था बदलल्या, त्यांची नावे आली आणि गेली. जेथे माल हातचा जातो त्या जागेचे नाव कायम राहिले.

एक मोह येथे टाळला पाहिजे. इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ सापळा असा होता. कर्ज, नापिकी आणि पडलेले भाव यांत सापडलेल्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देशभर चर्चेत आलेल्या या जिल्ह्याच्या संदर्भात तो अर्थ कोणासही सूचक वाटेल. परंतु सापळ्याचा अर्थ वऱ्हाडात कधी आलाच नव्हता. आले ते यंत्राचे नाव. बोलणाऱ्याला माहीत नसलेला अर्थ त्याच्या शब्दात पाहणे ही वाचकाची कल्पना झाली, शब्दाचा इतिहास नव्हे. व्युत्पत्तीचा उपयोग अर्थ शोधण्यासाठी आहे, दैव सांगण्यासाठी नाही.

६. समरूप शब्द आणि वाचनातील अडचण

मराठीत ‘जीन’ किंवा ‘जिन’ या रूपाचे अनेक शब्द आहेत आणि त्यांची कुळे भिन्न आहेत. घोड्यावर कसले जाते ते जीन फारसी ‘झीन’पासून आले. जैन परंपरेतील ‘जिन’ हा संस्कृत शब्द. ज्याने स्वतःला जिंकले तो जिन. जाड सुती कापडाचे ‘जीन’ हे इटलीतील जिनोआ शहराच्या नावावरून इंग्रजीत आणि तेथून मराठीत आले. आजची ‘जीन्स’ हे त्याचेच अपत्य. आनुवंशिकताशास्त्रातील ‘जीन’ ही विसाव्या शतकात, १९०९ मध्ये, घडवलेली संज्ञा असून तिच्यासाठी मराठीत ‘जनुक’ हा उत्तम पर्याय रूढ झाला आहे. इ-ईकारापूर्वी मराठीत ज तालव्य उच्चारला जातो. त्यामुळे फारसीतील ‘झ’चा भेदही पुसला गेला आणि हे सारे शब्द कानाला एकसारखे झाले.

२००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीस देशात मान्यता मिळाल्यानंतर यांतील दोन जीन एकाच पिकात एकत्र आले आहेत. बियाण्यात बाहेरून घातलेले जीन आणि त्या कापसाची सरकी काढणारे जीन. तरीही बोलीत गोंधळ झाला नाही, कारण शेतकरी पहिल्याला ‘बीटी’ म्हणतो. बोली आपल्यापुरता अर्थभेद सांभाळून घेते.

गोंधळ होतो तो बोलीबाहेरच्या वाचकाचा. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तीत जीन म्हणजे खोगीर हा अर्थ आहे. कारखान्याचा अर्थ असणे शक्यच नव्हते, कारण वऱ्हाडात वाफेची यंत्रे त्यानंतर आली. शब्दकोशाच्या काळाने आणि प्रदेशाने त्याच्या कक्षा ठरतात, हे अध्यापनात विसरले जाते. विदर्भातील कथा-कादंबरीत ‘जीन’ भेटला आणि पुण्यामुंबईकडील विद्यार्थ्याने कोश उघडला, तर त्याच्या हाती प्रथम खोगीर लागावे, यात नवल नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे यवतमाळच्याच विद्यार्थ्याने निबंधात हा शब्द लिहिला, तर तो बोलीतला किंवा अपुरा म्हणून खोडला जाऊन त्याजागी ‘सरकी काढण्याचा कारखाना’ असे लिहिले जाण्याचा संभव असतो. हा पर्याय क्रियेचे वर्णन करतो. काटा, रांगेत उभ्या बंड्या, रात्रीचा मुक्काम, भाव ऐकून पडलेला किंवा उजळलेला चेहरा, यांतले काही त्याच्यात येत नाही. व्याख्या मिळते, शब्दाचा संसार हरवतो.

७. ‘जीन’ आणि ‘जिनिंग’

या शब्दाला खरी स्पर्धा प्रमाण मराठीकडून नाही, दुसऱ्या इंग्रजी रूपाकडून आहे. ‘जिनिंग’ किंवा ‘जिनिंग-प्रेसिंग’ हा शब्द फलकांवर, वर्तमानपत्रांत आणि बँकांच्या कागदांवर सर्वत्र दिसतो. केंद्र शासनाने २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यातून कारखान्यांच्या आधुनिकीकरणास साहाय्य मिळाले आणि सरकी काढणे व गाठी बांधणे ही दोन्ही कामे एकाच आवारात करणाऱ्या नव्या घटकांची संख्या वाढली. त्यांच्याबरोबर जोडनावही पसरले. ‘जीनप्रेस’ हा जुना मराठी वळणाचा समास मागे पडत गेला.

दोन्ही शब्दांचे मूळ एकच असले तरी मराठीतील त्यांची अवस्था एक नाही. ‘जीन’ला सामान्यरूप आहे : जिनात. ‘जिनिंग’ सहसा ‘जिनिंगमध्ये’ असाच वापरला जातो. जुन्या उसनवारीने मराठीचे व्याकरण पत्करले होते. नवी उसनवारी आपले रूप सांभाळून राहते. परक्या शब्दांच्या संख्येपेक्षा त्यांच्याशी भाषेचा व्यवहार कसा बदलला, हे अधिक महत्त्वाचे आहे आणि एका शतकातील तो बदल या जोडीत स्पष्ट दिसतो. पूर्वी भाषा शब्द घेई आणि त्याला आपला करी. आता ती घेते आणि जसाच्या तसा ठेवते.

तथापि ‘जीन’ संपला असे म्हणता येत नाही. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागी वसाहती, दुकाने, मंगल कार्यालये उभी राहिली, तरी विदर्भातील गावांतून जागा सांगताना जुन्या जिनाचा उल्लेख होतच राहतो. यंत्र नाही, भोंगा नाही, कापूसही नाही. तरी खूण आहे. यंत्राचे नाव जागेचे झाले, ही या शब्दाची पहिली पायरी होती. जागेचे नाव स्मृतीचे झाले, ही दुसरी. स्थलनामांच्या आश्रयाला गेलेले शब्द भाषेत दीर्घकाळ टिकतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. ‘जीन’ मराठीत टिकला तो इंग्रजीच्या प्रतिष्ठेमुळे नव्हे. प्रतिष्ठेचा लाभ ‘जिनिंग’ला अधिक मिळतो. केवळ वस्तू नवी होती म्हणूनही तो टिकला नाही. वस्तू बदलल्या, इमारती पडल्या, तरी शब्द राहिला. कापूस जेथे रुई होतो, क्विंटल जेथे गाठ होते आणि शेतकऱ्याचे वर्षाचे श्रम जेथे दुसऱ्याचा माल होतात, त्या सीमेला बोलीत दुसरे नाव नव्हते. ज्या सीमा माणसाला वारंवार ओलांडाव्या लागतात, त्यांची नावे भाषा सहजासहजी टाकत नाही.

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून एक तातडीचे काम समोर येते. बंडी, काटा, रुई, गाठ, ढेप, जीन, प्रेस या कापूसव्यवहारातील शब्दांची रूपे, सामान्यरूपे आणि वाक्यातील उपयोग जिल्ह्यातील सोळाही तालुक्यांतून नोंदवले गेले पाहिजेत. वऱ्हाडीबरोबरच गोरमाटी, कोलामी आणि गोंडी बोलणारे समाजही याच कापसाच्या अर्थव्यवहारात आहेत. त्यांच्या बोलींत या शब्दाचे काय झाले, हाही स्वतंत्र शोधाचा विषय आहे. बंडीने कापूस जिनात नेलेली पिढी आता वयाने थकली आहे. ‘जिनात’ हे रूप तिच्या तोंडी अजून सहज येते. पुढची पिढी ‘जिनिंगमध्ये’ म्हणू लागली आहे. या दोन रूपांमधील अंतर ऐकून लिहून घेता येईल असा काळ फार उरलेला नाही. आणि ते काम महाविद्यालयांतील मराठीच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी न केल्यास दुसरे कोणी करील अशी शक्यता कमी आहे.